ताई, जरा बीपी बघून जाशील का?

इन्सुलिनच्या सिरिंजचं टोपण लाल असेल तर ती ४० ची, म्हणजे एका मिलिलीटरला ४० युनिट मोजणारी, केशरी असेल तर १०० ची, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षातली पोरगीसुद्धा झोपेतून उठवलं तरी सांगेल. आमच्या ताईने पंधरा वर्षं नोकरी केल्यावर, २०२३ च्या डिसेंबरात, पहाटे चारच्या सुमाराला, नातेवाइकांनी बाहेरून आणलेल्या १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये बाराच्या रेघेपर्यंत औषध ओढलं. म्हणजे १२ युनिट द्यायचे होते तिथे ३० गेले असते. डबल चेकला आलेली ज्युनिअर सिस्टर नुसतं "सिस्टर, लाल आहे" एवढंच म्हणाली आणि ताईने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, वॉशरूममध्ये गेली आणि नळ सोडून पाच मिनिटं तशीच उभी राहिली.

पेशंटला काही झालं नाही. तिने स्वतःच इनचार्जला सांगितलं, फॉर्म भरला. त्या फॉर्ममध्ये कारणाचा एक रकाना असतो, त्यात तिने लिहिलं "झोप अपुरी". खरंच होतं ते, पण झोप अपुरी का पडली हे त्या दोन इंचांच्या रकान्यात मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय. तिच्या परवानगीने. मी एका शाळेत काउन्सेलर आहे, आणि ताई आणि मी एकाच मंडळीतल्या, म्हणजे एकाच चर्चच्या, संडे स्कूलला दहा वर्षं बरोबर शिकवतोय. नाव घालत नाही, सगळे तिला ताईच म्हणतात. तिने हे वाचून दोन ठिकाणी काट मारलीय आणि एका ठिकाणी "हे अजून कडक लिही" म्हणालीय, कुठे ते सांगणार नाही.

ताई मूळची नगरकडची, आता अहिल्यानगर म्हणायचं, मिशन कंपाउंडात वाढलेली, पणजी बायबल वुमन होती, म्हणजे खेडोपाडी पायी फिरून वचन सांगणारी. घरात सेवा हा शब्द मिठासारखा, सगळ्यात थोडाथोडा. लग्न होऊन पुण्यात आली, नवरा भोसरीला कंपनीत शिफ्टमध्ये, मुलगी नववीला, मुलगा पाचवीला, सासूबाई बरोबर. ताई एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत, महिन्यातून आठ-दहा नाइट. वर मंडळीत संडे स्कूल, गायन मंडळात आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, महिला मंडळाची सेक्रेटरी, दर शुक्रवारची कॉटेज मीटिंग, म्हणजे घरात भरणारी प्रार्थनासभा, तिच्या घरी कारण हॉल मोठा आहे, आणि नाताळात कॅरल राउंडचा, म्हणजे घरोघरी गाणी म्हणत फिरण्याचा, शेवटचा मुक्काम पण तिच्याच घरी, म्हणजे रात्री बारा वाजता चाळीस माणसांची बिर्याणी.

हे सगळं असूनही ती म्हणते मला त्याचा त्रास नव्हता. त्रास बीपीचा होता.

झालं असं की २०२० मध्ये कोविड आला तेव्हा मंडळीत नर्स म्हटल्यावर हीच. कोणाचा ऑक्सिमीटर ९२ दाखवतोय, कोणाला बेड मिळत नाहीये, कोणाच्या घरी पालथं कसं झोपवायचं ते व्हिडिओ कॉलवर दाखवायचंय. तिने ते जीव ओतून केलं आणि २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तर ती घरी जेवत पण नव्हती नीट. त्याबद्दल मंडळीने तिचा सत्कार केला, शाल दिली, फ्रेम दिली. कोविड गेला, फोन राहिले. "ताई, जरा बीपी बघून जाशील का?" "ताई, बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन आणून ठेवलंय, जाता जाता दे ना." "ताई, रिपोर्ट पाठवलाय, बघून सांग घाबरण्यासारखं आहे का." नाइट करून सकाळी साडेनऊला घरी आलेलं माणूस दहाला झोपतं, आणि पहिला फोन साडेदहाला. कोणालाच वाटत नव्हतं आपण त्रास देतोय, प्रत्येकाचं काम पाचच मिनिटांचं होतं.

पहिला प्रयत्न साफ फसला. त्या इन्सुलिनच्या प्रकारानंतर आठवडाभराने कॅरल राउंड होता, तो तिने केला, बिर्याणी पण केली, आणि २६ तारखेच्या रात्री अडीच वाजता मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वीसेक ओळींचा मेसेज टाकला. मी पण माणूस आहे, मी मंडळीची फुकटची नोकर नाही, उद्यापासून मला कोणीही फोन करू नये. सकाळपर्यंत सगळ्यांनी वाचला, उत्तर एकच, "प्रभू शांती देवो". नंतर महिला मंडळाच्या मीटिंगमध्ये एका बाईंनी मोठ्याने प्रार्थना केली की आपल्या एका बहिणीचं मन कठीण झालंय, प्रभू तू ते मऊ कर. ताई तिथेच बसली होती, सेक्रेटरी म्हणून मिनिट्स लिहीत. नाव न घेता प्रार्थनेत एखाद्याला टोचणं हा आमच्या बायकांचा खास प्रकार आहे, त्याला उत्तर देता येत नाही कारण मध्ये बोललं तर प्रार्थना मोडली म्हणतात.

बाहेर बोलणं सुरू झालं की ताई विश्वासात मागे पडली. इथेच मला या प्रकरणातली खरी गाठ दिसते. बाकी घरांत बाईने नाही म्हटलं तर ती उद्धट ठरते, शिकलेली म्हणून माजली ठरते. आमच्याकडे त्याच्यावर अजून एक मजला चढतो, ती देवापासून लांब गेलेली ठरते. उद्धट म्हटलेलं एक वेळ पचतं, पण ज्या बाईचं सगळं उभं राहणं विश्वासावर आहे तिला हे पचत नाही, आणि ताईला नाही पचलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, नाइट करून, ती दोन गल्ल्या पलीकडच्या आजींकडे जाऊन त्यांचं बीपी बघून आली. न बोलावता.

तो मेसेज रागात लिहिला म्हणून फसला असं मला नाही वाटत, राग रास्तच होता. तो फसला कारण त्यातलं "कोणीही फोन करू नये" हे तिचं तिलाच खरं नव्हतं. आणि तिसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा लोक एवढंच शिकले की ताई चिडली तर तीन दिवस थांबायचं.

जानेवारीत ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिला सल्ला दिला नाही, एक वही दिली. चौदा दिवस फक्त लिहायचं: कोणाचा फोन, किती वाजता, कशासाठी, आणि मी गेले नसते तर काय झालं असतं. शेवटचा रकाना महत्त्वाचा. चौदा दिवसांत ३१ फोन निघाले. त्यातले ११ त्याच तीन माणसांच्या बीपीचे. ६ वेळा रिपोर्ट वाचून सांग. ५ इंजेक्शनं, त्यातल्या तिघांकडे डॉक्टरची चिठ्ठीच नव्हती, मागच्या वेळी बरं वाटलं होतं म्हणून. ५ नुसतं बोलायला, एकटं वाटतंय म्हणून, आजार हे निमित्त. आणि खरंच कोणी जायलाच पाहिजे होतं असे ४.

पण वहीच्या मागच्या पानावर तिने स्वतःहून अजून एक गोष्ट लिहिली होती, ती मी सांगितली नव्हती. नऊ वेळा फोन तिनेच केला होता. "काल बरं नव्हतं ना तुम्हाला, येऊ का?"

मी काही बोलले नाही. तीच म्हणाली, "मला आवडतं गं ते. आयसीयूत मी 'सिस्टर, बेडपॅन' असते. मंडळीत मी ताई असते."

सीमा आखायचं म्हटलं की आपण लगेच समोरच्याकडे बोट करतो, सासू, चर्चचे पाळक, नणंद, मंडळी. ताईच्या बाबतीत पहिली रेघ तिच्या स्वतःच्या अंगणात ओढायची होती. तिच्याशिवाय कोणाचं चालत नाही ही भावना तिला पगारासारखी मिळत होती, आणि पगार कोणी असा सोडून देत नाही, तिलासुद्धा थोडा वेळ लागला. म्हणजे मी तिला दोष देत नाहीये, आयसीयूत पंधरा वर्षं काम करणाऱ्या बाईला कोणी शाल देत नाही, मंडळीने दिली.

मग मी तिला मावशींकडे घेऊन गेले. मावशी म्हणजे रिटायर्ड नर्स, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेल्या, वय ७८, गुडघे गेलेत पण जीभ शाबूत. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू ड्युटी संपल्यावर काय करतेस?" ताई म्हणाली, हँडओव्हर देते. "आणि न देता तशीच थांबलीस तर?" ताई म्हणाली, असं कसं थांबणार, पुढची सिस्टर आलेली असते. मावशी म्हणाल्या, "मग मंडळीत तुझी पुढची सिस्टर कोण आहे? नाहीये ना? नाहीये कारण तू कधी हँडओव्हरच दिला नाहीस. जी कधी घरी जात नाही तिच्या जागी कोणी ड्युटीला येत नाही."

वर त्यांनी बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ काढायला लावला. विधवांना रोजचं वाटप नीट होत नाही म्हणून कुरकुर झाली, तेव्हा बारा प्रेषितांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की वचनाची सेवा सोडून आम्ही पंगतीची सेवा करणं बरं नाही, तुमच्यातले सात जण निवडा. मावशी चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बारा पुरुष म्हणाले आम्हाला वाढपाचं काम जमणार नाही. ते विश्वासात मागे पडले असं कोणी म्हटलं? उलट पुस्तकात आलं." आणि निर्गम १८, इथ्रो जावयाला, म्हणजे मोशेला, सांगतो की सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसलास तर तूही झिजशील आणि लोकही. "सासरा जावयाला सांगतो. सासवांनी सुनांना सांगितलं असतं तर मी एवढी म्हातारी झाले नसते."

घरी येताना रिक्षात ताई हसत होती, डिसेंबरपासून पहिल्यांदा.

तिची खरी अडचण मात्र गलतीकरांच्या पत्रातली होती. सहाव्या अध्यायात दुसऱ्या वचनात पौल म्हणतो एकमेकांची ओझी वाहा, आणि तीनच ओळींनी पाचव्यात म्हणतो प्रत्येकाने आपला स्वतःचा भार वाहिला पाहिजे. लहानपणापासून तिने दुसरं वचन पाठ केलेलं, पाचवं कोणी पाठ करून घेतलंच नाही. मूळ ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत, आधी बारोस आणि नंतर फोर्तिऑन. बारोस म्हणजे माणूस चेपून जाईल असं जड ओझं. फोर्तिऑन म्हणजे ज्याचं त्याचं गाठोडं, ज्याने त्याने पाठीवर घेऊन चालायचं. मराठीतही ओझं आणि भार असे दोन शब्द ठेवलेत, आपण वाचताना एकच समजतो. आम्ही वही समोर ठेवली आणि ३१ फोनांपुढे लिहीत गेलो, ओझं की भार. ते चार ओझी होती. ११ बीपी भार. दीड-दोन हजारांचं मशीन प्रत्येकाच्या मुलाला घेता येतं आणि वाचता येतं. त्या पाच एकट्या माणसांपुढे काय लिहायचं ते कळेना, तिथे प्रश्नचिन्ह टाकलं, ते अजून तसंच आहे.

आणि एक तिने स्वतः शोधून आणलं, मार्क १. संध्याकाळी सगळं गाव आजारी माणसं घेऊन दाराशी जमलेलं, येशूने पुष्कळांना बरं केलं, आणि पहाटे अंधारातच उठून एकटा निघून गेला प्रार्थनेला. शिष्य शिमोन शोधत आला, सगळे तुम्हाला शोधताहेत. आणि तो म्हणतो चला, आपण दुसऱ्या गावांना जाऊ. "म्हणजे दारात रांग होती गं," ताई म्हणाली, "आणि तो गेला." नर्स असल्यामुळे तिला ती रांग दिसली, मला इतकी वर्षं वाचून दिसली नव्हती.

आता घरातलं.

सगळ्यांना ताईचा नंबर कोण देत होतं? सासूबाई. चर्चच्या बाहेर, भाजीवाल्यापाशी, सोसायटीच्या बाकावर, "माझी सून नर्स आहे, सांगते तिला, येईल ती." ताई झोपलेली असताना फोन आला की सासूबाई दार लोटून आत, "अगं उठ, अमक्याचा फोन आहे, आजारी माणूस आहे." ताईला याच बोलण्याची भीती. नवरा म्हणाला तू बोल, मला मध्ये घेऊ नकोस, आमच्या आईशी माझं पण जमत नाही. (त्याच्याबद्दल एवढंच पुरे, पुढे त्याने शुक्रवारचा चहा स्वतःकडे घेतला, साखर जास्त घालतो.)

ताईने शनिवारी दुपारी मेथी निवडायला घेतली आणि सासूबाईंच्या समोर बसली. मी तिला एवढंच सांगितलं होतं की तक्रारीने सुरुवात करू नको, त्या रात्री काय झालं ते सांग. सासूबाईंना इन्सुलिनचं काही माहीतच नव्हतं. तिने सिरिंज, लाल टोपण, १२ आणि ३०, सगळं सांगितलं. सासूबाई स्वतः डायबेटिक, त्यांना ३० म्हणजे काय ते लगेच कळलं.

"मेला असता?"

"जाऊ शकला असता, आई. आणि माझं लायसन्स पण."

मग ताई म्हणाली, "आई, नाइटनंतर दहा ते चार मी झोपणार. घराला आग लागली तर उठवा. बीपीसाठी नाही. आणि माझा नंबर मला विचारल्याशिवाय द्यायचा नाही."

बराच वेळ सासूबाई मेथीच निवडत राहिल्या, देठं पण पानांतच टाकत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्याकडे द्यायला दुसरं काय आहे गं? मला गाता येत नाही, प्रार्थना करायला उभं राहिलं की पाय कापतात, पेन्शन नाही. हे गेल्यावर मंडळीत मला कोण विचारत होतं? सून नर्स आहे म्हणून विचारतात."

ताईला याचं उत्तर सुचलं नाही आणि तिने दिलंही नाही. पण तिने मागेही घेतलं नाही, "बरं जाऊ दे आई, देत जा नंबर" असं म्हणाली नाही. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणात हा क्षण सगळ्यात अवघड होता. समोरचं माणूस दुष्ट असलं तर नाही म्हणणं सोपं जातं. समोरचं माणूस एकटं असतं आणि त्याचं दुःख खरं असतं तेव्हा आपण नाही गिळून टाकतो, आणि मग वर्षभर त्याच माणसावर मनात धुमसत राहतो. ताई गप्प बसून मेथी निवडत राहिली, दोघींनी मिळून जुडी संपवली. देठं नंतर वेगळी केली.

तीन-चार दिवसांनी यातून एक वाट निघाली. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर अर्धा तास वेस्ट्रीत, म्हणजे चर्चला लागून असलेल्या खोलीत, बीपी-शुगर बघायची, ताई एकटीने नाही, मंडळीतल्या बीएस्सी नर्सिंगला असलेल्या दोन मुली आणि एक रिटायर्ड ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, पण. रजिस्टर लिहायला आणि रांग लावायला सासूबाई. खुर्ची टाकून बसतात आणि मागून पुढे घुसणाऱ्याला नावाने ओरडतात. इंजेक्शन चिठ्ठीशिवाय नाही, आणि चिठ्ठी असली तरी घरी नाही, दवाखान्यात. औषधाची रिॲक्शन आली तर घरात काय करणार, ना ऑक्सिजन, ना ॲड्रिनलिन. हे ताईला आधीपासून माहीत होतं आणि तरी ती देत होती, याची तिला आता भीती वाटते. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, दम लागणं, बेशुद्ध होणं, यांना आधी १०८, मग ताई. हा कागद मोठ्या अक्षरात चर्चच्या नोटीस बोर्डवर लागला.

पाळकसाहेबांशी बोलणं लेंटच्या तोंडावर झालं, म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, राखेच्या बुधवारी सुरू होतात ते. २०२४ ला राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला होता, आणि त्याआधीच्या रविवारी लेंटच्या कॉटेज मीटिंगांचं वेळापत्रक वाचून दाखवलं तर त्यात ताईचं घर चार वेळा, तिला न विचारता. आधीची ताई असती तर चार वेळा पोहे केले असते आणि गुड फ्रायडेपर्यंत तापाने पडली असती. उपासनेनंतर ती वेस्ट्रीत गेली आणि म्हणाली, "पाळकसाहेब, दोन देते, चार नाही होणार. आणि चहा-बिस्किट, जेवण नाही."

ते म्हणाले, "बाई, सेवेचं फळ वर मिळतं." माणूस वाईट नाही, पण तोंडात वाक्य तयार असतं. ती म्हणाली, "हो, पण माझी चूक झाली तर फळ पेशंटला इथेच मिळतं," आणि डिसेंबरचं सांगितलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, मला हे कोणी सांगितलंच नाही. खरं होतं ते. अडीच वाजताच्या मेसेजमध्ये फुकटची नोकर होतं, इन्सुलिन नव्हतं. चुकीची लाज वाटत होती म्हणून तिने राग पाठवला होता.

चहा-बिस्किटाची गंमत अशी झाली की ती तिच्या घरापुरती राहिली नाही. दुसऱ्या आठवड्यापासून अजून तीन घरांनी जेवण बंद केलं. एक काकू मला म्हणाल्या, बरं झालं बाई, मला पण झेपत नव्हतं, पण सुरुवात कोणी करायची. आमच्याकडे मार्था-मरीयेवर, म्हणजे येशू घरी आल्यावर कामात गुंतलेली एक बहीण आणि त्याचं ऐकत बसलेली दुसरी, यांच्यावर दरवर्षी संदेश होतो, मरीयेने चांगला वाटा निवडला म्हणतात, आणि तो संदेश चालू असताना चार बायका मागच्या खोलीत कप मांडत असतात. त्यांना तो संदेश भिंतीपलीकडून ऐकू येतो.

एका शहाण्याने मला ऐकवलं की हे बाउंडरी वगैरे अमेरिकन फॅड आहे, आपल्या बायकांत नव्हतं असलं काही. मी त्याला पंडिता रमाबाईंचं सांगितलं. १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजच्या सिस्टरांकडे बाप्तिस्मा घेतला, त्यांच्याच घरी राहत होत्या, त्यांच्याच आधारावर. तरी दोन वर्षांत त्यांना पत्रातून स्पष्ट कळवलं की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेय, लगेच तसल्याच दुसऱ्या जोखडाखाली मान देणार नाही. ज्यांनी आसरा दिला होता त्यांना. त्यानंतर त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि अख्खं बायबल मराठीत आणलं, मागे पडल्या असं काही दिसत नाही.

एक गोष्ट मात्र यात मिसळू नका. ताईच्या घरात मारहाण नव्हती, पैसे काढून घेणं नव्हतं, कोंडून ठेवणं नव्हतं. जिथे ते आहे तिथे गोड बोलून सीमा समजावत बसू नये, तिथे २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ हेल्पलाइन आहे, तो मार्ग वेगळा. आणि "पत्नींनो अधीन असा" हे वचन तोंडावर फेकणाऱ्याला त्याच्या आधीचं वचन वाचायला सांगावं, इफिस ५:२१, तिथे एकमेकांच्या अधीन असा लिहिलंय, दोघांना.

एप्रिलमध्ये या सगळ्याची परीक्षा झाली. रात्री दीड वाजता त्याच दोन गल्ल्या पलीकडच्या आजींच्या मुलाचा फोन. तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाहीये. ताईची त्या दिवशी सुट्टी होती. तिने पहिल्यांदा विचारलं १०८ ला लावला का. लावला होता, कागद वाचून. मग सांगितलं पाणी पाजू नका, बीपीची गोळी देऊ नका, आणि शेवटच्या नीट कधी दिसल्या होत्या ती वेळ लिहून ठेवा, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. एवढं फोनवर सांगून ती चप्पल घालून गेली पण, ॲम्ब्युलन्समध्ये बसली पण, सकाळी सातला घरी आली. मी विचारलं वहीत लिहिलंस का, तर म्हणाली, "ते कशाला लिहायचं, ते ओझं होतं." आजी आता वॉकर घेऊन चालतात, बोलणं अजून थोडं जड आहे.

सगळं जमलं असं नाही. एक कुटुंब अजून ताईशी बोलत नाही, त्यांच्या घरी ती आठवड्याला इंजेक्शन द्यायची आणि आता देत नाही, ते चर्चमध्ये दुसऱ्या बाजूला बसतात. महिला मंडळाचं सेक्रेटरीपद सोडलं. गायन मंडळ पण सोडलं, आणि ते मला चुकलं असं वाटतं, कारण तेच एक ठिकाण होतं जिथे तिला कोणी काही मागत नव्हतं. सोडताना माणूस कधी कधी चुकीची गोष्ट आधी सोडतं, जी सोडायला सोपी असते ती. ईस्टरला आल्टो पातळ होता, ती माझ्या शेजारी बाकावर बसून हळू आवाजात आल्टोच गात होती.

गेल्या आठवड्यात मी दुपारी त्यांच्या घरी गेले होते, ताईला नाइट होती, बेडरूमचं दार बंद. सासूबाई फोनवर होत्या. "नाही, नाही उठवणार. चारनंतर कर. काय होतंय तुला?... बरं. चिठ्ठी आहे का डॉक्टरची?... मग नाही देत ती. ताईचं काय विचारतेस, मीच सांगतेय ना." फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, रविवारी ये म्हटलं असतं, पण रांग आधीच पंचवीसची झालीय, आणि तिच्या मुलाकडे मशीन आहे, मला माहितेय.